लेखकावरचा वार्षिक खटला

नागभीडला आमचं एक मंडळ होतं. मंडळाचं काम एवढंच की एका लेखकाची पुस्तकं वाचायची, त्यांवर वाद घालायचा आणि वर्षातून एकदा त्यांचा वाढदिवस साजरा करायचा. लेखक हयात होते, फार मोठे होते, पुण्याकडे राहत होते, आणि नागभीड नावाचं गाव जगात आहे याची त्यांना बहुधा कल्पनाही नव्हती. पण धानाची मळणी आटोपली की आमच्याकडे ज्या हौसेनं त्यांचा वाढदिवस व्हायचा, तसा गावात पोटच्या पोराचाही कुणी करत नसेल.

मंडळाचे अध्यक्ष वकील होते, त्यामुळे वाढदिवसाला भाषणं नसायची. खटला असायचा. त्या वर्षी ठरलेली एक कादंबरी आरोपी. शाळेच्या हॉलमध्ये एक बाक आडवा टाकून त्याचा पिंजरा करायचे, त्यात लेखकांचा मासिकातून कापून मढवलेला फोटो ठेवायचे. अध्यक्ष न्यायाधीश. सरकारी वकील कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरे. त्यानं पुस्तकावर आरोप करायचे. आरोपीचे वकील मात्र दरवर्षी स्टेशनमास्तरच, कारण त्यांना लेखकांची पानंच्या पानं पाठ होती आणि ते दुसऱ्या कुणाला उभं राहू देत नसत. शेवटी लेखक निर्दोष सुटायचे आणि चहा-चिवडा व्हायचा. सरकारी वकिलानं हरायचं असतं, हे सगळ्यांना न सांगता ठाऊक होतं.

मंडळात बाई मी एकटी. मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि जिभेनं तिखट म्हणून प्रसिद्ध होते. त्या वर्षी चिठ्ठी माझ्या नावाची निघाली आणि कादंबरी निघाली नेमकी ती. चिठ्ठी उलगडली तेव्हा हॉलमधले सगळे एकदम आपापल्या पायांकडे बघायला लागले.

ते तसे का बघायला लागले, ते सांगते. त्या कादंबरीत एक बाई आहे. तिचा नवरा तिला सोडून जातो. लोक काय वाटेल ते बोलतात, कुणी म्हणतं मेला, कुणी म्हणतं दुसरं घर केलं. ती कुणाचं ऐकत नाही. रोज संध्याकाळी दारात दिवा लावते आणि वाट बघते. एक तप उलटल्यावर तो परत येतो, तिच्यासमोर मान खाली घालून उभा राहतो, आणि सबंध महाराष्ट्र रडतो.

आणि माझा नवराही गेलेला होता. लाकडाच्या ठेकेदाराकडे तो मुनीम होता. सिरोंच्याकडे सागाच्या कूपावर, म्हणजे जंगलतोडीच्या जागी, जातो म्हणून निघाला, पहिलं वर्ष अधूनमधून निरोप आले, मग तेही थांबले. पुढे तिकडून बदलून आलेल्या एका जंगलगार्डनं मला सरळ सांगितलं की बाई, त्याचं तिकडे घर आहे, बायको तेलुगू बोलते, दोन लेकरं आहेत. मी त्या रात्री पोटभर रडले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. माझ्यापुरता तो विषय संपला होता.

मायसाठी संपला नव्हता. माय म्हणजे माझी आई. वडील गेल्यापासून ती माझ्याकडेच असायची. गार्डनं सांगितलेलं मी तिला त्याच दिवशी सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "लोक असेच बोलत असतेत. त्या पुस्तकातबी बोलत होते."

हे पुस्तक तिला मीच वाचून दाखवलं होतं. तिला अक्षरओळख नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी मी वाचायची, ती सुपात तांदूळ निवडत ऐकायची. पुढच्या सुट्टीत तिनं तेच पुन्हा वाचायला लावलं. त्या पुस्तकात तिला माझ्या प्रत्येक म्हणण्याचं उत्तर सापडायचं. निरोप येत नाहीत? त्या बाईलाही येत नव्हते. गार्डनं त्याला तिकडे बघितलं? तिच्या नवऱ्यालाही लोकांनी बघितलं होतं. मी चिडून म्हणायची, माय, ती गोष्ट आहे. ती म्हणायची, एवढा मोठा मानूस खोटं कायले लिहीन?

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. पण त्या वर्षी गडचिरोलीच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून माझी नेमणूक झाली. हुकूम हातात आला. वैनगंगेपल्याड, ब्रह्मपुरीहून मोटार आणि मग डोंग्यातून नदी. पगार बरा, राहायला खोली, आणि मुख्य म्हणजे ज्या गावात प्रत्येक बाई भाजी घेताना मला "काही खबर?" असं विचारते, त्या गावातून सुटका. मला जायचंच होतं. आजही ते आठवलं की जिवाला तशीच घाई होते.

माय म्हणाली, "मी येत नाई."

"काऊन?"

"जवाई इथी येतीन. दार लावलेलं दिसलं तं कुठी जातीन ते?"

शेजारी निरोप ठेवू म्हटलं. नाही. पत्ता लिहून दारावर लावू म्हटलं. नाही. तुला इथे एकटीला कशी ठेवू, तुझे गुडघे धड चालत नाहीत, म्हटलं. तर ती म्हणाली, "मंग तूबी नोको जाऊ." एवढं बोलून ती चुलीकडे वळली. तिच्याशी भांडता येत नसे. ती आवाज चढवत नसे, फक्त तुमच्याकडे पाठ करत असे. हजर व्हायची मुदत संक्रांतीनंतर संपत होती. तोवर मी गेले नाही तर ती जागा दुसरीला जाणार होती, आणि परत कधी येणार होती कुणास ठाऊक.

अशात चिठ्ठी निघाली, आणि चारच दिवसांनी अध्यक्ष धापा टाकत शाळेत आले. लेखक नागपूरला व्याख्यानाला आले होते. अध्यक्षांनी तिथे जाऊन त्यांचे पाय धरले होते, आणि लेखकांनी येतो म्हटलं होतं. वाढदिवसालाच. नागभीडला.

"म्हणजे खटला रद्द?" मी विचारलं.

"अवो, तेच तं! त्याहीले खटलाच पाहाचा हाये. मी सांगतलं तं लई हासले. म्हने, मी स्वतः पिंजऱ्यात बसतो." अध्यक्षांच्या कपाळावर घाम होता. "बाई, तुमी असं करा. भाषेवर बोला. निसर्गवर्णन जरा लांबलं, असं म्हना. जंगलातली झाडं चुकली म्हना. बाकी..."

"बाकी काय?"

ते टेबलावरचा खडू फिरवत राहिले. "तुमाले समजते बाई, मी काय म्हनून राह्यलो ते."

समजत होतं. मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या मनातही झाडंच होती. पण घरी गेले आणि बघते तर माय नवं लुगडं पेटीतून काढून उन्हात टाकत होती. तिला बातमी माझ्याआधी लागली होती.

"मीबी येतो पाहाले," ती म्हणाली. "त्याहीच्या पायावर डोकं ठेवतो एकदा."

तिचा चेहरा असा उजळला होता की मला राग आला. आपल्या आईचा राग येणं बरं नव्हे, पण आला. आणि रागाच्या भरातच मला दिसलं की माय माझं ऐकत नाही, गार्डचं ऐकत नाही, सगळ्या गावात ती फक्त एका माणसाचं ऐकते, आणि तो माणूस आता छोट्या लाईनच्या गाडीनं इथे येतो आहे.

त्यानंतरचे दिवस माझे वाईट गेले. नवरे खरंच परत येतात का, हे त्यांना खटल्यातच विचारावं असं वाटायचं, आणि लगेच भीती वाटायची. भर सभेत ते म्हणाले की हो, नवरे परत येतात, श्रद्धा असली की येतात, तर संपलंच. मग मायला जन्मात कुणी हलवू शकलं नसतं. आणि ते नाही म्हणाले, तर मायचं काय होईल? ती सकाळी उठते ती त्या आशेवर, हे मला दिसत होतं. रोज ती दोन माणसांपेक्षा मूठभर जास्त भात टाकायची. मी तो सकाळी कण्हेरीखाली चिमण्यांना घालायची आणि दोघींपैकी कुणीही त्याबद्दल बोलायची नाही. तिच्या हातून ती आशा काढून घ्यायचा मला काय अधिकार होता? एक दिवस ठरवायची विचारीन, दुसऱ्या दिवशी ठरवायची झाडांवर बोलेन.

लेखक आले त्या दिवशी सगळं मंडळ स्टेशनवर. कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की फोटोसुद्धा न्यावा, आणि नेताना त्याला झेंडूचा हार घातला. गाडीतून उतरल्या उतरल्या त्या गृहस्थांनी आपलाच हार घातलेला फोटो बघितला आणि क्षणभर दचकले. मग म्हणाले, "मी जिवंत आहे हो, अजून." स्टेशनमास्तरांचा चेहरा पडला. हार फोटोवरून काढून त्यांच्या गळ्यात घालण्यात आला. ते दिसायला अगदी साधे होते, ठेंगणे, कानांवर केस वाढलेले. मला वाटलं होतं कुणीतरी उंच असेल.

दुपारी हॉल भरला. पुरुष पुढे सतरंजीवर, बायका मागे भिंतीशी. आजवर खटल्याला इतक्या बायका कधी आल्या नव्हत्या. माय खांबाला टेकून बसली होती, डोक्यावर पदर. लेखक खरोखरच आडव्या बाकामागे खुर्ची टाकून बसले. अध्यक्ष न्यायाधीशाच्या खुर्चीवरून माझ्याकडे असे बघत होते, जणू माझ्या हातात काडेपेटी आहे.

मी उठले. भाषेवर बोलले. निसर्गवर्णनावर बोलले. नायिकेच्या दाराशी जे झाड पावसाळ्यात फुलतं ते आमच्याकडे उन्हाळ्यात फुलतं, असं म्हटलं. लोक हसले, लेखकही हसले आणि "गुन्हा कबूल" म्हणाले. अध्यक्ष खुर्चीत जरा मागे रेलले. इथे मी थांबायचं होतं. मी मायकडे बघितलं. ती लेखकांकडे बघत होती आणि हात जोडलेलेच होते.

मी म्हटलं, "आरोपीला एक प्रश्न आहे. ती रोज दिवा लावते. एक तपभर. त्या दिव्याला तेल कुठून येत होतं?"

कुणीतरी हसलं, मग थांबलं.

"म्हणजे?" लेखकांनी विचारलं.

"तिला नोकरी नाही. माहेर नाही. शेत नाही. तुमच्या पुस्तकात ती दिवा लावते, डोळे पुसते आणि वाट बघते. ती खात काय होती? निंदणाला जात होती? कुणाचं धान कांडत होती? ते कुठेच नाही."

स्टेशनमास्तर ताडकन उठले. "हरकत! हा साहित्याचा प्रश्न नाही. आणि न्यायाधीश महाराज, मला विचारायचं आहे, सरकारी वकीलबाईंचा या प्रकरणात काही खासगी संबंध आहे का?"

ते बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच कळलं. वाईट माणूस नव्हते ते. चेहरा काळवंडला त्यांचा. अध्यक्ष म्हणाले, "बाई, उत्तर देऊ नका, गरज नाही."

"आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "संबंध आहे. माझा नवरा गेलेला आहे. आमच्या घरातलं तेल माझ्या पगारातून येतं. म्हणून मला दिसलं. ज्यांच्या घरी तेल आपोआप येतं त्यांना नसेल दिसलं."

लेखक आता हसत नव्हते. त्यांनी चष्मा काढला आणि हातात धरून ठेवला. मी पुढचं विचारलं. "तुम्ही त्याला परत का आणलंत?"

बाहेर स्टेशनात मालगाडीच्या डब्यांची जोडाजोडी चालली होती, तिचे धक्के ऐकू येत होते. मग लेखक खाली बघत म्हणाले, "ती माझी आत्या. पुस्तकातली बाई म्हणजे माझी सख्खी आत्या. तिचा नवरा परत आला नाही. मी लहान असल्यापासून तिला वाट बघताना बघत होतो. ती वारली, तेव्हा मला ते सहन झालं नाही. म्हणून पुस्तकात आणला त्याला. दुसरं कारण नाही."

आणि मागून आवाज आला. "भाऊ."

माय उभी राहिली होती. खांबाला धरून, पदर घट्ट ओढून. तिनं आयुष्यात कधी सभेत तोंड उघडलं नव्हतं. बायका तिला खाली ओढत होत्या, ती त्यांचे हात झटकत होती.

"भाऊ, मंग तो कुठी होता?"

लेखकांनी खुर्चीतून उठून तिला नमस्कार केला. "त्यानं दुसरा संसार थाटला होता, बाई."

"हे तिले माईत होतं?"

"सगळ्यांना होतं. तिलाही होतं."

माय थांबली. मला वाटलं आता बसेल. मी मनात म्हणत होते, बस माय, बस आता. तिनं विचारलं, "मंग ते आत्याबाई दुसरीकडं कुठी गेल्या काऊन नाई? धडधाकट होत्या ना?"

लेखकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यांचा आवाज फार खाली आला होता. "जायचं होतं तिला. पुण्याला एका आश्रमात शिकायला जाणार होती. आम्ही जाऊ दिलं नाही. म्हणजे माझ्या आजीनं. जावई आले तर मुलगी घरात हवी, असं आजीचं म्हणणं होतं."

माय त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळूच, गुडघ्यावर हात ठेवत, खाली बसली. ती पदरात तोंड घालेल असं मला वाटलं, पण तिनं काही केलं नाही. नुसती बसली, समोर बघत. मला तिच्याजवळ धावत जावंसं वाटत होतं आणि मी टेबलापाशीच उभी होते. त्या क्षणी मला लेखकांचा इतका संताप आला की काय सांगू. हे एवढं खरं ठाऊक असताना या माणसानं ते झाकून ठेवलं, आणि वर त्याला फुलांचे हार! आणि त्याच वेळी त्यांची दयाही येत होती, कारण त्यांचे डोळे भरले होते.

अध्यक्षांनी घाईघाईनं निकाल दिला. निर्दोष. टाळ्या पडल्या, नेहमीपेक्षा कमी. चहा आला. लेखक निघताना माझ्यापाशी थांबले, मान हलवली आणि गेले. पुढे त्यांची आणखी पुस्तकं आली. त्यांतल्या एका पुस्तकातल्या बाईचा नवराही असाच परत आला. लोकांना आवडलं ते.

मायनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं नाही. आम्ही दोघी घरी आलो तेव्हा ऊन अजून कौलांवर होतं. शेजारच्या बाईनं ओट्यावरून विचारलं, "कसा झाला कार्यक्रम?" माय म्हणाली, "झाला." घरात येऊन तिनं नवं लुगडं सोडलं, रोजचं नेसली, लुगड्याच्या घड्या घालून पेटीत ठेवलं आणि पेटीपाशीच बसून राहिली. मी चूल पेटवली. तिच्याकडे बघायचं मला धैर्य नव्हतं. एवढं सगळं मी ज्याच्यासाठी केलं ते गडचिरोलीसुद्धा त्या वेळी नकोसं वाटत होतं. तिनं रडावं, मला शिव्या द्याव्यात, काहीतरी करावं असं वाटत होतं.

आधण उकळायला लागलं तेव्हा तिचा आवाज आला.

"तिथी पानी कायचं हाये? नदीचं का हिरीचं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि हातातली पळी तशीच राहिली.

"विहिरीचं," मी म्हटलं.

"गोडं हाये का? खाऱ्या पान्यानं डाळ शिजत नाई."

मी गडचिरोलीला जन्मात गेले नव्हते. तिथलं पाणी कसं आहे ते मला कुठून ठाऊक असणार? मी डोळे पुसले, आणि म्हटलं, "गोडं आहे माय. एकदम गोडं."